तराफा डोक्यावर

बुद्धाच्या तराफ्याच्या गोष्टीतला खुळा माणूस म्हणजे आपणच, हे मला बोलेरोच्या मागं ट्रेलर अडकवताना कळलं.

गोष्ट मज्झिम निकायातली. नदीपाशी अडलेला एक वाटसरू गवत, काटक्या, फांद्या, पाला गोळा करून तराफा बांधतो नि हातपाय मारत पैलतीर गाठतो. मग त्याच्या मनात येतं, एवढा कामाला आलेला तराफा, आता डोक्यावर घेऊनच पुढं जावं. बुद्ध भिक्खूंना सांगतो, धर्मसुद्धा असाच, पार होण्यापुरता. कवटाळून बसायला नव्हे.

आणि मी चार वर्षं पडवीत प्लायवूडची सोळा फुटी शिडाची होडी बांधत होतो, ती मुळात वाहून नेण्यासाठीच. भाटघर धरणाच्या पाण्यावर हात बसवायचा, मग वरंधा घाट उतरून सावित्रीच्या खाडीत सोडायची आणि बाणकोटाशी समुद्र बघायचा. आईचं माहेर वेल्ह्याचं. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. वल्ह्याशी आमच्या घराण्याचा तेवढाच नावापुरता संबंध होता, तोही गेला. पानशेतचं धरण फुटलं, १२ जुलै १९६१ला, तेव्हा आई दहा वर्षांची. साठलेल्या पाण्यावर तिचा आजही भरवसा नाही.

वाहून न्यायची होडी म्हटलं की पहिलं भांडण वजनाशी. शिडात वारा भरला की होडी कलंडते, तिला सावरायला तळाशी भार हवा. कोकणात त्याला नीरम म्हणतात. गलबतांतून दगड भरायचे. समुद्रावरच्या यॉटला पोटाखाली जड कणाच असतो. दिलीप दोंदे २००९-१०मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती गोव्यात बांधलेली ५६ फुटांची. ती वरंध्याच्या वळणांवरून न्यायची, तर आधी घाट मागं सरकवावा लागेल. छोट्या होडीत कण्याऐवजी वर ओढून घेता येणारी फळी असते. फळी वर घेतली की माझी होडी वीतभर पाण्यात तरते. डोलकाठी बिजागरीवर आडवी होते, नाहीतर वाटेतल्या विजेच्या तारा आहेतच. राहिला भार. तो मी पाण्याचा ठेवला. तळाशी १२० लिटरची टाकी, खाली बूच. होडी पाण्यात गेली की बूच काढून टाकी भरून घ्यायची, बाहेर आली की सोडून द्यायची. फरफटत ओढायचं १२० किलो वजन तिथल्या तिथं उरतं.

गंमत अशी की ही भरलेली टाकी पाण्याखाली असते तोवर तिच्यातल्या पाण्याला वजनच नाही. पाण्यात पाणी. होडी एका अंगाला झुकली, की दुसऱ्या अंगाची टाकी पाण्याच्या वर उचलली जाते आणि तेवढ्यापुरतं ते पाणी जड होऊन होडीला मागं खेचतं.

पहिल्याच दिवशी मी घाई केली. टाकी निम्मीच भरली आणि शीड वर घेतलं. झुळूक आली, होडी कलली, आतलं पाणी धावत खालच्या अंगाला गेलं आणि तिला आणखी खाली दाबलं. रिकामी असती तर कमी कलली असती. मी गळ्यापर्यंत पाण्यात, टोपी वेळवंडच्या दिशेनं. उन्हाळ्यात धरण आटलं की कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं, ते त्याच अंगाला.

ओले कपडे पिळताना वडील आठवले. पन्नाशीत त्यांनी माळ घातली. “माझं आता काही नाही” हे पालुपद, आणि धरणात गेलेल्या जमिनीची कागदपत्रं, चुलत्याशी बांधावरून चाललेलं भांडण, दोन्ही ट्रंकेत कुलूपबंद. कुटुंबाला धक्का बसला की त्यांचं सगळं वैराग्य धावत एकाच अंगाला जायचं. धड संसारी माणूस परवडला, धड गोसावी परवडला.

तेव्हापासून गोष्टीतल्या त्या वाटसरूचा मला वेगळा राग येतो. तराफा उचलला याचा नाही. पुढं आणखी नदी लागणार नाही, हे त्याला कुणी सांगितलं होतं? त्यानं ओला तराफा उचलला. गवतानं पिऊन घेतलेली नदीही डोक्यावर घेतली. बुद्धासमोर हा युक्तिवाद टिकणार नाही, ठाऊक आहे. तो ज्या पाण्याबद्दल बोलत होता ते एकदाच ओलांडायचं असतं. माझं तेवढं पुण्य नाही.

पुढं सावित्रीच्या खाडीवर, म्हाप्रळच्या धक्क्याशी होडी उतरवायच्या आधी बूच काढलं, तर तळाशी राहिलेल्या पाण्याची धार लागली. आई जवळच उभी.

“हे कुठलं रं पाणी?”

“भाटघरचं. राहिलं असेल चुकून.”

ती मनाशी वाट जुळवत होती. भाटघरचं पाणी नीरेत, नीरा नरसिंगपूरला भीमेत, तिथून पुढं पंढरपूर. वाटेत कालव्यांनी उसाला पाजलं नाही तर.

“इठोबाच्या वाटंचं पाणी, आन् हितं सांडतोस व्हय?” असं म्हणत तिनं पिशवीतला तांब्या काढून धारेखाली धरला.

परतताना वरंध्याची वळणं मी दुसऱ्या गिअरमध्येच घेतली. तांब्याला झाकण नव्हतं.