कागदात गुंडाळलेली गोळी

दुसरबीडच्या माझ्या औषध दुकानात शुगरची, बीपीची गोळी मी काउंटरवर उघडी ठेवतो. एसिटालोप्रामची, म्हणजे नैराश्यावरच्या गोळीची, चिठ्ठी आली की मात्र हात आपसूक रद्दी कागदाकडे जातो, आवाजही खाली येतो. गिऱ्हाइकाची अब्रू राखतो, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे काहींच्या मनात लाज नव्हतीच. ती माझ्याच पुडीतून त्यांच्या घरी गेली.

त्याहून मोठा अपराध माझ्या जिभेचा आहे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत एक शेतकरी आला. तीन महिन्यांच्या गोळ्यांनी त्याला झोप लागत होती, तो पुन्हा वावरात जाऊ लागला होता. "भाऊ, आता बरं वाटते, बंद करू का?" दुकानात गर्दी होती. मी म्हणालो, "करा की बंद. उगाच सवय नको."

हे मी कशाच्या जोरावर बोललो? ही गोळी नशेची नाही, हे मी शिकलो होतो. तिचा गुण दिसायलाच दोन ते सहा आठवडे जातात. बरं वाटल्यावरही ती निदान सहा महिने चालू ठेवतात आणि मग डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. एकदम तोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके. त्याला हे सगळं झालं. घरच्यांना वाटलं, आजार पलटला.

आणि जिथे बोलायचं, तिथे मी गप्प बसलो. तरुणांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये मुलांसाठी ठळक इशारा दिला आणि 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंत वाढवला. एका कॉलेजच्या पोराची पहिली पट्टी त्याच्या आईच्या हातात देताना "पहिला महिना त्याच्यावर लक्ष ठेवा, बेचैनी वाढली तर लगेच डॉक्टरांना सांगा" एवढंच सांगायचं होतं. माउली घाबरेल म्हणून थांबलो, असं म्हणतो खरा. पण मागे रांग होती. तिच्या कंबरेसाठी डायक्लोफिनॅक मात्र न विचारता दिली. घरातलं पोरगंही ती घेईल, दोन्ही मिळून पोटात रक्तस्रावाचा धोका वाढेल, हे मनातसुद्धा आलं नाही. पोरगा सुखरूप आहे. त्यात माझं काही नाही.

शेतकऱ्याची गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली. आता तो दर महिन्याला येतो, "तुमच्यामुळं वेळेवर औषध भेटते," म्हणतो. माझ्या त्या एका वाक्यानं त्याचे ते दिवस तसे गेले, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. मंगळवारी त्याची पट्टी संपते.