यंत्र बंद पडलंय, जरा बसा

स्क्रू-ड्रायव्हर अजून उचलू नका. एकेक सुटा भाग आणून तुम्हीच जोडलेला संगणक आज पुन्हा मधेच गेला आहे, जीव वैतागला आहे. तरी बसा. चांदवडचा एप्रिल आहे, दुपारची वेळ आहे, वरचा पत्रा तापला आहे. श्वास जागेवर येऊ द्या.

आता आठवा. गेला तो कसा गेला? निळा पडदा आला, चित्र गोठलं, की काहीच न सांगता अंधार झाला? घाई करू नका, नीट आठवा. दर वेळी वेगळाच कोड दाखवणारा निळा पडदा असेल, तर संशय आधी रॅमवर जातो. एकदम अंधार झाला असेल, तर एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, किंवा उष्णतेवर. विंडोजच्या नोंदीत ‘कर्नल-पॉवर 41’ सापडेल. ती एवढंच सांगते की यंत्र रीतसर बंद झालं नाही. का, ते ती सांगत नाही. तिच्या भरवशावर नवा एसएमपीएस मागवणं म्हणजे पैसे पाण्यात.

उष्णतेपाशी थोडं रेंगाळा. पंखा कितीही जोरात फिरला, तरी प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नाही. जानेवारीत 20 अंशांच्या खोलीत जो 70 वर राहत होता, तोच त्याच कामाला 40 अंशांच्या खोलीत 90 च्या आसपास जातो. तिथून पुढे तो आधी वेग कमी करतो, तरीही भागलं नाही तर स्वतःला वाचवायला यंत्रच बंद करतो. इथल्याच, अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालाच्या जाड भिंतींत ऊन उशिरा शिरतं. आपल्या पत्र्याखाली ते सकाळी दहालाच येऊन बसतं. कॅबिनेटचं झाकण काढा. कूलरच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी दाटलेली धूळ बघा. ब्रशने हलक्या हाताने झाडताना पंखा बोटाने धरून ठेवा. थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल, तर पुसून नवी लावा, वाटाण्याएवढी पुरते.

मग नजर भिंतीतल्या सॉकेटकडे न्या. तिसऱ्या पिनेत खरंच अर्थिंग आहे का? मीठ-कोळसा घालून पुरलेल्या अर्थिंगलाही ओल लागते. चांदवडसारख्या अवर्षणाच्या तालुक्यात उन्हाळ्यात तो खड्डा कोरडाठाक पडतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर संगणक बंद ठेवा आणि आधी वायरमनला बोलवा. खड्ड्यात पाणी घालणं हाही संगणकाच्या दुरुस्तीचाच भाग आहे, हे मी मनापासून सांगतो. अर्थिंगनंतर एसएमपीएस. त्याच्या 12 व्होल्टच्या तारेवर 11.4 ते 12.6 एवढीच मुभा असते. मोजायचं ते बाहेरच्या जोडणीवर. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते.

आता रॅम. वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा. दोन पट्ट्या असतील तर एकच ठेवा. सोनेरी कडा मऊ खोडरबराने पुसा, कचरा झटका, दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत दाबा. रात्रभर मेमटेस्ट चालू द्या. एक चूक दिसली, तरी ती चूकच धरायची. बायोसमध्ये रॅमला जास्त वेगाने चालवणारं एक्सएमपी चालू असेल, तर ते बंद करून पुन्हा तपासा. पट्टी चांगली असूनही कधी कधी त्या वेगाला अडखळते.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा: तारीख, वेळ, खोलीचं तापमान, काय बदललं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चाललं, तर दोष कुठे होता ते कळत नाही. एखादा भाग बदलल्यावर आठवडाभर सगळं सुरळीत चाललं, तरी जुना भाग फेकू नका. तो एकदा परत बसवा. यंत्र पुन्हा बंद पडलं, तर दोष त्याचाच. नाही पडलं, तर शोध अजून संपलेला नाही.