रद्द किलोमीटर

एसटीच्या आगारात माणूस मोजायची मापं ठरलेली आहेत. वाहकाचं उत्पन्न. चालकाचे अपघात आणि त्याचा केपीटीएल, म्हणजे दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली तो आकडा. आगाराचं स्वतःचंही एक माप असतं आणि ते सगळ्यांत नावडतं: रद्द किलोमीटर. ठरलेली फेरी सुटली नाही की तिचे किलोमीटर या रकान्यात जाऊन बसतात. महिन्याच्या बैठकीत वरचे साहेब फक्त हाच रकाना वाचतात, असं प्रत्येक आगार व्यवस्थापकाला वाटत असतं.

बीड विभागात आठ आगारं. त्यांतल्या एका आगारात हा रकाना एका मिस्त्रीमुळं फुगायचा. कोणतं आगार ते विचारू नका, गोष्टीला त्याची गरज नाही. मिस्त्री अबोल, जरा तिरसट. हाताला ग्रीस, कानावर पेन्सिल. त्याच्या मनात आलं की तो गाडीच्या काचेवर खडूनं फुली मारायचा. फुली मारलेली गाडी पिटवरून, म्हणजे गाडी खालून तपासायच्या खड्ड्यावरून, हलत नसे. कंट्रोलरनं विनवण्या कराव्यात, वाहकानं तिकिटाचं मशीन घेऊन ताटकळावं, फलाटावरच्या प्रवाशांनी आरडाओरडा करावा, मिस्त्री ढिम्म.

याच आगारात एक चालक होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. 25 वर्षांत एकही अपघात नाही. एसटीत अशा चालकाला मान असतो; त्याचा सपत्नीक सत्कार होतो आणि तरुण पोरं त्याच्या पाया पडतात. अण्णांना तो मान यंदा मिळणार होता. त्यांचं आणि मिस्त्रीचं मात्र पटत नसे. "गाडी मी चालवतो का तू?" हे अण्णांचं ठरलेलं वाक्य. मिस्त्रीचं उत्तरही ठरलेलं: "मंग चालवा की. पिटवरून काढून दाखवा."

हा मुलूख बालाघाटाचा. धारूरचा घाट अरुंद, मांजरसुंब्याचा घाट वाहता, आणि ज्यांचं नाव नकाशात सापडत नाही असे लहान उतार तर कितीतरी. उतारावर ब्रेकवर पाय दाबून ठेवला की ड्रम तापतो, लायनर पकड सोडतं. म्हणून जुना चालक खालच्या गिअरमध्ये उतरतो. पण ब्रेकला लागणारी हवाच कुठून तरी गळत असेल, तर गिअर तरी कुठवर पुरणार?

जानेवारीतल्या एका पहाटे मिस्त्रीनं निळ्या गाडीवर फुली मारली.

निळी गाडी म्हणजे मानव विकास कार्यक्रमातली. मागास तालुक्यांतल्या खेड्यापाड्यांच्या मुलींना शाळेत न्यायचं आणि परत सोडायचं, तेही फुकट. घाटाखालच्या चार वस्त्यांच्या पोरी या गाडीनं वरच्या गावातल्या शाळेत येत. मिस्त्रीनं नेहमीसारखा ब्रेक दाबून धरायला लावला, मागच्या चाकापाशी कान नेला आणि खाली वाकून पाहिलं. फुस्स असा बारीक आवाज. समोरच्या हवेच्या दाबाच्या घड्याळातला काटा हळूहळू उतरत होता. ब्रेक चेंबरमधला रबरी पडदा फाटलेला. स्टोअरमध्ये तो पडदा नव्हता, तो बीडहून येणार दुपारपर्यंत. जादा गाडी म्हणावी तर ती शाळेच्या सहलीला गेलेली. जानेवारीत सहलींचं बुकिंग जोरात असतं. फेरी रद्द. महिन्यातली तिसरी.

घाटाखाली पोरी साडेसहापासून थांबल्या होत्या. नऊ वाजले तरी गाडी नाही. त्यांतल्या काहींची परीक्षा होती आणि त्या दिवशी गणिताचा पेपर होता.

दुसऱ्या दिवशी गावातून माणसं आली. सरपंच बोलले ते नेहमीचंच: निवेदन, आंदोलन, रास्ता रोको. मॅडम, म्हणजे आगार व्यवस्थापक, खाली मान घालून लिहून घेत होत्या. मग मागं उभी असलेली एक म्हातारी पुढं झाली. तिला निवेदन-बिवेदन ठाऊक नव्हतं.

"बाई, मव्हा पोरगा अन् सून दसऱ्यापासून कारखान्याला गेलेत. उचल घेतली, कोयता धरला, आता पाडव्याच्या आत येत न्हाईत. नात मह्यापाशी हाय. गाडी आली की ती साळंत जाती. एक डाव गाडी न्हाई आली, मी म्हनलं बरं. दुसऱ्या डावाला शेजारीन म्हनली, कशापाई धाडती? आता तिसरा डाव झाला, तर सोयरे येऊन बसलेत. पोरीला पंधरावं लागलंय."

मॅडम काही बोलल्या नाहीत. मिस्त्री दाराशी सही करायला आला होता, तोही ऐकत राहिला.

बीडच्या बाहेरच्या माणसाला यातला पेच चटकन कळत नाही. ऊसतोडीला आईबाप गेले की घरात म्हातारी आणि वयात आलेली पोर उरते. या जिल्ह्यात बालविवाह इतके का होतात, याची उत्तरं मोठ्या अहवालांतून मिळतात. त्यातलं एक अगदी साधं उत्तर म्हणजे शाळेला जायचं साधन नसणं. इथं दुसरं साधन तरी कुठलं? बीड शहरात रेल्वे यायलाच 17 सप्टेंबर 2025 उजाडला, आणि आली तरी ती काही घाटाखालच्या वस्तीवर थांबणार नाही. त्यामुळं मिस्त्रीच्या फुलीनं पोरींचा जीव वाचवला असेल. पण तीच फुली एखादीचं लग्नही लावून देऊ शकत होती.

महिनाभर रस्ता सुरक्षा अभियान चालू होतं. एखाद्या शाळेत जायचं, हेल्मेट आणि मोबाइल यांवर बोलायचं, नारळ आणि शाल घेऊन परतायचं, असा शिरस्ता. मॅडमनी मुद्दाम त्याच शाळेला पत्र धाडलं आणि बरोबर मिस्त्रीला घेतलं.

"मला बोलता येत न्हाई, मॅडम."

"बोलू नका. तो फाटलेला पडदा तेवढा बरोबर घ्या."

मिस्त्रीनं पडदा पिशवीत घातला. शाळेत त्यानं तो काढून मुलींच्या हातात फिरवायला दिला. हवा कशी दाबली जाते, चाक कसं धरलं जातं, पडदा फाटला की काय होतं, हे त्यानं आठ-दहा वाक्यांत सांगितलं आणि खुर्चीवर बसला. शिक्षकांनी टाळ्यांची खूण केली. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तीच म्हातारीची नात.

"काका, त्या दिवशी गाडी सोडली असती, तर घाटात पडली असती का?"

आता अशा वेळी माणसानं "हो" म्हणावं. सगळी सभा "हो" ऐकायलाच बसलेली असते. मिस्त्रीनं थोडा विचार केला.

"बहुतेक नसती पडली."

मॅडमनी चमकून पाहिलं.

"शंभर डाव नेली असती," मिस्त्री म्हणाला, "तर नव्व्याण्णव डाव आली असती सुखरूप. पण तो उरलेला एक डाव कोनता, हे मला आदल्या दिवशी कळत न्हाई. म्हनून समद्याच थांबवतो."

"पण माझा गणिताचा पेपर बुडाला."

याला मिस्त्रीपाशी उत्तर नव्हतं. तो काही वेळ तसाच बसला, मग पडदा परत पिशवीत घातला. मुख्याध्यापकांनी आभार मानले. शाल मॅडमना मिळाली, मिस्त्रीला गुलाबाचं फूल.

परतीच्या अर्ध्या वाटेपर्यंत तो गप्पच होता. मग म्हणाला, "मॅडम, आपल्याला सकाळी कळतं. तिथंच चुकतं."

"म्हणजे?"

"निळी गाडी सांजच्याला साडेसहाला डेपोत येती. तिला रात्रभर कोनी हात लावत न्हाई. आधी पुन्याची, मंग मुंबईची, मंग संभाजीनगरची. उत्पन्नाच्या गाड्या. पोरींची गाडी फुकटाची, म्हनून तिचा नंबर शेवट. पहाटं पाचला मी तिच्याकडं जातो. तवा फुली मारली की दुसरी गाडी कुठून आनायची? तीच गाडी रातच्याला साताला पिटवर घेतली, तर काय बिघडलंय ते रातीच कळंल."

"आणि पुण्याच्या गाडीला उशीर झाला तर?"

"व्हईल की."

एवढ्या संभाषणात आगार चालवण्याचं सगळं शास्त्र आलं, असं मला वाटतं. कोणती गाडी आधी पाहायची, म्हणजे कोणता प्रवासी आधी मोजायचा. "बहुजन हिताय, बहुजन सुखाय" हे एसटीचं ब्रीद. पण पिटवर एका वेळी एकच गाडी उभी राहते.

मॅडमनी आदेश काढला. संध्याकाळी निळी गाडी पहिली पिटवर. बिघाड निघाला तर रात्रीच कंट्रोलरनं सकाळची एखादी रिकामी धावणारी फेरी तिकडं वळवायची आणि शाळेतल्या बाईंना फोन करायचा. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात पुण्याच्या गाडीला उशीर झाला आणि आरक्षण केलेल्या प्रवाशांनी आगार डोक्यावर घेतलं. दुसरं असं की रद्द किलोमीटर फारसे घटलेच नाहीत. पोरींची फेरी वाचली तरी तिच्या जागी दुसरी कुठली तरी रद्द झालीच ना. मॅडमनी बीडच्या बैठकीत बोलणी खाल्ली आणि परत येऊन आदेश तसाच ठेवला.

अण्णा या व्यवस्थेवर नाराज होते. पुण्याची ड्युटी त्यांची होती.

1 जून आला. एसटीचा वर्धापनदिन. 1948 साली या दिवशी पहिली गाडी पुण्याहून नगरला धावली, किसन राऊत चालक आणि लक्ष्मण केवटे वाहक. बीडकरांना त्या दिवशी या गाडीशी काही देणंघेणं नव्हतं. जिल्हा निजामाच्या राज्यात होता. निजामाच्या खात्याच्या मोटारी 1932 पासून त्या राज्यात धावत होत्या. मराठवाड्याची बससेवा महामंडळात आली ती 1961 मध्ये. पण वाढदिवस साजरा करताना असा हिशेब कोणी काढत नाही, आणि काढूही नये. फलाटावर रांगोळी, गाडीला झेंडूच्या माळा, प्रवाशांना पेढे.

सत्काराच्या यादीसाठी मॅडमनी मिस्त्रीचं नाव सुचवलं होतं. कारकून अर्ज घेऊन आला. "विशेष कामगिरी" असा एक रकाना होता.

"काय लिहू, मॅडम?"

मॅडम विचारात पडल्या. जे घडलं ते लिहिता येतं. जे घडलं नाही, ते कसं लिहायचं? गाडी घाटात पडली नाही. पोरीचं लग्न लागलं नाही. निदान त्या उन्हाळ्यात तरी नाही. याला पुरावा कुठला जोडणार? शिवाय याच माणसाच्या फुल्यांनी रद्द किलोमीटरचा रकाना भरलेला, तो वरच्या कार्यालयात कोणीही उघडून पाहिला असता.

"नियमित हजेरी," त्या शेवटी म्हणाल्या. ते खरंही होतं.

अण्णांचा सपत्नीक सत्कार झाला. काकूंनी नवं लुगडं नेसलं होतं, हार घालताना त्यांचे डोळे भरून आले. अण्णांना बोलायला लावलं. त्यांनी परळीच्या वैजनाथाचे आभार मानले, आईवडिलांचे मानले, काकूंचे मानले, साहेबलोकांचे मानले आणि बसले. मिस्त्रीचं नाव पुकारलं तेव्हा तो जागेवर नव्हता. अंबाजोगाईहून आलेल्या गाडीचं हब तापलं होतं. त्याचं प्रशस्तिपत्र कारकुनानं टेबलावर ठेवलं आणि नंतर त्याच्यावर कोणी तरी चहाचा कप ठेवला.

दुपारी अण्णा पेढ्याचा पुडा घेऊन पिटपाशी गेले. मिस्त्री गाडीखाली.

"घे."

"हात खराब हायत. ठिवा तिथं."

अण्णांनी पुडा टूलबॉक्सवर ठेवला. जायला वळले आणि परत थांबले. "पुण्याच्या गाडीचा क्लच बघ. काल चढाला वास मारत व्हता."

"रजिस्टरला लिवलं का?"

"आता लिवतो."

"मंग लिवा आधी."

अण्णांनी खरंच जाऊन लिहिलं. 25 वर्षांत त्यांनी बिघाड तोंडीच सांगितला होता, असं कंट्रोलर म्हणतो. कंट्रोलर बोलण्यात थोडा मीठमसाला घालतो, पण रजिस्टरमध्ये त्या तारखेला अण्णांची सही आहे.

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या. पहिला पाऊस झाला, घाटात माती वाहून आली. त्या आठवड्यात एका संध्याकाळी निळ्या गाडीवर पुन्हा फुली बसली. रात्री साडेआठला आगाराचा फोन वाजला. कंट्रोलरनं शिव्या ऐकायची तयारी करून तो उचलला. पलीकडं म्हातारी होती. नातीनं नंबर लावून दिला होता.

"फुली मारली म्हनं?"

"मारली, आजी. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बाईनं पोरींना कळवलंय. बरं, मंग सकाळच्याला कोनती गाडी येती?"

कंट्रोलरनं फोनवर हात ठेवून पिटकडं हाक मारली. "मिस्त्री, सकाळची कोणती सोडायची खाली?"

"वडवणीची वळवा. ती आत्ताच बघून ठिवलीय."

"वडवणीची येईल, आजी. लाल गाडी. पावणेसातला."

"लाल का निळी, आमाला काय करायचंय," म्हातारी म्हणाली. "मिस्त्रीनं बघितलीय ना? मंग झालं." आणि फोन कसा बंद करायचा ते ठाऊक नसल्यामुळं ती आणखी बराच वेळ नातीशी बोलत राहिली, सकाळी डब्यात काय द्यायचं ते कंट्रोलरनं सगळं ऐकलं.