विस्मय आणि विनय

गतवर्षी श्रावणात आम्ही काही कुटुंबे गोकाकचा धबधबा पाहावयास गेलो होतो. पावसाने तांबूस झालेली घटप्रभा तेथे घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून सुमारे १७० फूट खाली कोसळते. तो घनगंभीर नाद कानी पडताच बोलणे आपोआप थांबले आणि हात जोडले गेले. परंतु घटकाभरातच काठावर फराळ झाला, आणि निघताना पत्रावळी आम्ही चालुक्यकालीन महालिंगेश्वर मंदिराजवळच टाकून आलो. परतताना मनात प्रश्न उभा राहिला : जोडलेले हात खरे, की पत्रावळी टाकणारे?

गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुन विस्मित होतो. पण केवळ स्तुती करून थांबत नाही. सखा समजून, क्रीडेत व भोजनसमयी थट्टेने केलेल्या अवमानाची तो क्षमा मागतो. भव्यतेपुढे त्यास स्वतःचे वर्तन दिसले. आमच्या मते विस्मयाची कसोटी हीच होय. ज्याने नुसते रोमांच उठतात ती करमणूक. ज्यायोगे आपली चूक दिसते ते दर्शन.

कोणी म्हणेल, आनंदासाठी गेलेल्यांनी एवढा विचार कशास करावा? परंतु विनयाने आनंद उणावत नाही, उलट तो घरापर्यंत टिकतो. ‘आम्ही किती क्षुद्र!’ असे कड्यावर उभे राहून म्हणणे सोपे आहे. त्यासाठी काहीच सोडावे लागत नाही. यंदा आपण पुन्हा तेथे जाऊ, तेव्हा हात जोडण्यापूर्वी तो काठ झाडू.