आजारी नसलेल्याचे औषध

आफ्रिकेतल्या माली देशात पावसाळा सरला की कित्येक महिने डास जवळपास दिसेनासे होतात. मलेरिया मात्र गावातच मुक्काम ठोकून असतो. अनेकांच्या रक्तात मलेरियाच्या फाल्सिपॅरम या जातीचे परजीवी अगदी तुरळक संख्येने तग धरतात. ना ताप, ना थंडी. माणूस शेतात राबतो, लग्नात नाचतो. पुढच्या पावसात डास परतले की याच रक्तातून लागण पुन्हा सुरू होते.

दोष त्या माणसाचा मानायचा का? जैन विचारात हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात आहे. त्या कसोटीवर तो निर्दोष सुटतो. जे सूक्ष्मदर्शकालाही अनेकदा दिसत नाही, त्याबाबत तो सावध राहणार तरी कसा? पण एकदा तपासणीत परजीवी सापडले की ही सबब उरत नाही.

ओडिशातल्या ‘दमन’ मोहिमेने 2017च्या सुमारास दुर्गम पाड्यांवर ताप असो-नसो, लोकांचे रक्त तपासायला सुरुवात केली. राज्यात 2016 साली सुमारे 4 लाख 44 हजार रुग्ण होते, 2018 साली 66 हजारांच्या आसपास. (त्यात त्याच काळात वाटलेल्या कीटकनाशक मच्छरदाण्यांचा वाटा मोठा.)

तरी झटपट चाचणीतूनही थोडे परजीवी निसटतातच. मग सरसकट सगळ्यांना औषध द्यायचे? व्हानुआटूतल्या अनैत्युम बेटावर 1991 साली तसेच केले. 700हून अधिक रहिवाशांना 9 आठवडे, दर आठवड्याला गोळ्या, जोडीला मच्छरदाण्या. फाल्सिपॅरम तिथून हद्दपार झाला. बेट लहान होते आणि लोक मनापासून सामील झाले, हे विसरून चालणार नाही.

इथे प्रश्न नाजूक होतो. फाल्सिपॅरमच्या उपचारात प्रायमाक्विनचा एक छोटा डोस देतात, तो रुग्णाला बरे करण्यासाठी नसतोच. त्याच्यापासून डासाला लागण होऊ नये, एवढ्यासाठी असतो. निष्काम कर्माचे याहून रोकडे उदाहरण शोधावे लागेल! पण घेणाऱ्याला ते ठाऊकच नसेल, तर कर्म त्याचे म्हणायचे की आरोग्य खात्याचे? यकृतात दडलेल्या व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या जातीसाठी हेच औषध साधारण 14 दिवस घ्यावे लागते आणि जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात.

म्हणून आधी जी-सिक्स-पीडीची चाचणी हवी आणि खरे बोलणेही. “ही गोळी तुमच्यापेक्षा शेजाऱ्यांसाठी आहे,” असे आशाताईंनी सांगितले तर काही जण नकार देतील. तो सोसायला हवा. गर्भवतींना प्रायमाक्विन देत नाहीतच, आणि त्यांना वगळूनही मोहिमा चालतात.