शब्द बदलून मिळतील

'फाटक्या व खराब नोटा येथे बदलून मिळतील' ही पाटी आमच्या शाखेत नेमकी माझ्या डोक्यावर लटकते. तिच्याखाली बसून बसून माझं असं मत झालं आहे, की नोट जुनी झाली म्हणून खराब होत नाही. हाताळणाऱ्याच्या हाताला काय लागलेलं असतं, त्यानं होते. शब्दांचंही तसंच असावं. अर्थात मी साधा बी. कॉम., भाषापंडित नव्हे. तेव्हा हे मत सही पडताळूनच वटवावं.

माझ्या लहानपणी सरकारी पाटीवर 'अपंग' असायचं आणि गल्लीत सरळ लंगडा, आंधळा, थोटा. मग 'विकलांग' ऐकू येऊ लागला. 2015 च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'दिव्यांग' सुचवला. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या खात्याचं नाव बदललं आणि त्याच 2016 साली नोटाही बदलल्या. आमच्यात दैवी काही नाही, आम्हांला हक्क द्या, अशी हरकत काही संघटनांनी घेतली होती. पण तोवर पाट्या रंगवून झाल्या होत्या. आमच्या शाखेतली मीच रंगवली. (माझं अक्षर बरं आहे. बँकेत या गुणाला दुसरा उपयोग उरलेला नाही.) 'दिव्यांग ग्राहकांसाठी' असं लिहून खाली बाणही काढला. बाण दाखवतो त्या उतारावर स्टाफच्या मोटारसायकली उभ्या असतात. शब्द बदलला, मोटारसायकली तिथंच.

तर परवा एक निवृत्त संगीतशिक्षक आले. हातात पांढरी काठी, बरोबर भाचा. मी अदबीनं उभा राहिलो आणि भाच्याला विचारलं, "यांचा अंगठा घ्यायचा ना?"

"यांना सही करता येते," मास्तर म्हणाले, "आणि यांना ऐकूही येतं."

माझी पंचाईत झाली. चूक सुधारायला म्हणून मी घाईघाईनं म्हणालो, "तसं नव्हे, म्हणजे आपण दृष्टी... दृष्टिबाधित... म्हणजे दिव्यांग..."

"अहो, मी आंधळा आहे."

"मग तसं म्हणू?"

"मी म्हणतो. तुम्ही नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"मास्तर म्हणा. फॉर्मवर रकाना असेल तिथं 'अंध' लिहा, फॉर्मला बापड्याला कळायला हवं. आणि जे काय विचारायचं ते मला विचारा. याला पेटीतला सासुद्धा कळत नाही, माझ्या खात्यातलं काय कळणार?"

एवढे शब्द मी गोळा केले होते, आणि मास्तरांचं भांडण निघालं सर्वनामाशी! 'यांना' ऐवजी 'तुम्हांला' म्हटलं असतं तर निम्मं काम झालं असतं.

उरलेलं निम्मं म्हणजे चेकबुक. आमच्या साहेबांनी पूर्वी एकदा त्यांना अत्यंत गोड भाषेत, 'आपल्याच सुरक्षिततेसाठी' असं सांगून परत पाठवलं होतं. दृष्टिहीन खातेदारांना चेकबुक नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेनं 2008 सालीच बँकांना कळवलेलं आहे. हे मास्तरांना ठाऊक होतं. आम्हांला नव्हतं. जाताना त्यांनी नोटा बोटांनी मोजल्या. शंभराची नवी नोट 142 मिलिमीटर लांब, दोनशेची 146, पाचशेची 150. हा चार-चार मिलिमीटरचा फरक, वीस वर्षं नोटा मोजूनही, मला डोळे उघडे ठेवून कधी दिसला नव्हता.

घरी येऊन मी सौ.ला जाहीर केलं, की आजपासून आपली भाषा शुद्ध. "मग आंधळ्या कोशिंबिरीला काय म्हणायचं?" ती म्हणाली. मी विचारात पडलो. 'दृष्टिबाधित कोशिंबीर' म्हटलं तर मुलं खेळ सोडून ताट वाढायला बसतील. 'मुका' या शब्दाचं काय करावं, हा प्रश्न मी काढला, पण सौ.नं कुकरकडे बघायचं निमित्त केलं. राहिली लंगडी. तिथं मात्र माझी गाडी अडली.

आमच्या वाडीत एक मुलगा होता. पोलिओनं डावा पाय गेलेला. भारत पोलिओमुक्त जाहीर झाला 2014 साली. आमच्या लहानपणी प्रत्येक वाडीत असा एखादा असायचाच. लंगडीच्या खेळात तो पंच. त्याचा निकाल कोणी मोडत नसे. आम्ही त्याला 'लंगड्या' म्हणायचो. तो हसून ओ द्यायचा, म्हणून आम्हांला वाटायचं, चालतंय. त्याची आई त्याला 'बाळ' म्हणायची. शाळा वेगळी. त्यामुळे तिसरं नाव कानावर पडायचा प्रश्नच आला नाही.

गेल्या महिन्यात केवायसीसाठी तो आमच्याच शाखेत आला. कुबडी, चष्मा, अर्धं टक्कल. पण हसणं तेच. मी काउंटरवरून आनंदानं ओरडलो, "अरे लंग..." आणि पुढचं अक्षर गिळलं. समोर माझ्याच अक्षरातली पाटी होती.

तो खुर्चीवर बसला. आधार कार्ड पुढे केलं. त्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आडनाव मला माहीत होतं.

"काय रे, फोटो पटत नाही का?" तो म्हणाला.

"फोटो पटतोय," मी म्हणालो.

फॉर्मवर नाव एकेका चौकोनात एकेक अक्षर असं लिहायचं असतं. इतक्या सावकाश मी आजवर कुणाचंच लिहिलं नसेल. त्यानं ते बघितलं, आणि काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. चहा मागवला.

निघताना त्याला उतारावरून सोडायला गेलो. दोन मोटारसायकली मी ओढून बाजूला केल्या. तिसरी साहेबांची होती. तिला कुलूप होतं.