घंटागाडी न आलेल्या दिवशी

मुसळधार पावसात दोन-तीन दिवस घंटागाडी आली नाही, तर घरातला कचरा कोणाचा? पालिकेचा, असे म्हणून आपण पिशवी नाल्याकाठी ठेवतो. 26 जुलै 2005 रोजी मुंबई बुडाली, तेव्हा तुंबलेल्या गटारांत अशाच पिशव्या होत्या. वाटेतील इजा देणारी वस्तू दूर करणे हा प्रेषितांनी (स.) ईमानचा भाग सांगितला आहे, मग ती वाटेत टाकणाऱ्याच्या ईमानचे काय? ओला कचरा झाकून घरातच ठेवा, सुका वेगळा करा, फुटकी काच कागदात गुंडाळा. उद्या तिथे सफाई कामगाराचा हात जाणार आहे. गाडीचा जाब पालिकेला अवश्य विचारा. पिशवीचा जाब मात्र अल्लाहपुढे आपल्यालाच द्यायचा आहे.